तेजपूर ते एव्हन्स्टन : केलॉग स्कूलची वाटचाल आणि डीन दीपक जैन

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने १९०८ साली ‘स्कूल ऑफ कॉमर्स’, म्हणजे आजचं केलॉग स्कूल, काढलं, तेव्हा त्याचे वर्ग विद्यापीठाच्या मुख्य परिसरात भरत नव्हते. तो परिसर शिकागोच्या उत्तरेला, एव्हन्स्टन गावात, मिशिगन सरोवराच्या काठावर. हे वर्ग भरायचे भर शहरात आणि तेही संध्याकाळी. दिवसभर पेढीवर किंवा कचेरीत राबून आलेल्या माणसाला व्यापाराचं पद्धतशीर शिक्षण द्यायचं, तर संस्थेनेच त्याच्या वाटेवर जाऊन उभं राहायला हवं, हे संस्थापकांनी ओळखलं होतं. पहिले डीन विलार्ड हॉचकिस हे अर्थशास्त्रज्ञ. पुढे १९२५ मध्ये स्टॅनफर्डने आपलं बिझनेस स्कूल सुरू केलं, तेव्हा पहिले डीन म्हणून त्यांनाच बोलावलं. धंदा हा विद्यापीठात शिकवण्याचा विषय आहे का, याबद्दल विद्वानांत अजून दुमत होतं, तो हा काळ.

या संस्थेच्या जडणघडणीत हॉचकिस यांच्याइतकंच, किंबहुना माझ्या मते त्यांच्याहून अधिक महत्त्व एका मानसशास्त्रज्ञाचं आहे. वॉल्टर डिल स्कॉट इलिनॉयमधल्या शेतकरी कुटुंबातले. तरुणपणी त्यांना धर्मप्रसारक होऊन चीनला जायचं होतं, त्यासाठी ते धर्मशास्त्र शिकले. नेमणूक मिळाली नाही, तेव्हा ते जर्मनीत लाइपझिगला गेले आणि विल्हेल्म वुंट यांच्याकडे मानसशास्त्रात डॉक्टरेट करून १९०० च्या सुमाराला नॉर्थवेस्टर्नला परतले. थोड्याच दिवसांत शिकागोतल्या जाहिरातवाल्यांनी त्यांना भाषणासाठी बोलावलं. माणूस जाहिरात वाचतो तेव्हा त्याच्या मनात काय घडतं, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. प्रयोगशाळेतल्या अभ्यासकाने बाजारातल्या लोकांसमोर उभं राहणं तेव्हा प्रतिष्ठेचं समजलं जात नसे. स्कॉट गेले. त्या विचारांतून १९०३ मध्ये ‘द थिअरी ऑफ ॲडव्हर्टायझिंग’ हे पुस्तक आलं आणि १९०८ मध्ये, म्हणजे स्कूल ऑफ कॉमर्स सुरू झालं त्याच वर्षी, ‘द सायकॉलॉजी ऑफ ॲडव्हर्टायझिंग’. वाचकाला थेट सूचना द्यावी, कापून परत पाठवण्याचं कुपन द्यावं, म्हणजे वाचणारा नुसता वाचून थांबत नाही, अशी त्यांची मांडणी होती. जाहिरातीच्या धंद्याने ती चटकन उचलली. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यभरतीत कोणता माणूस कोणत्या कामाला लायक, हे ठरवण्याची पद्धत त्यांनी बसवून दिली आणि १९२० ते १९३९ अशी १९ वर्षं ते नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे अध्यक्ष राहिले. स्कूल ऑफ कॉमर्सच्या सुरुवातीच्या दिवसांपासून हा माणूस त्याच्या पाठीशी होता.

हे विस्ताराने सांगितलं, कारण पुढे शंभर वर्षं ही संस्था ज्या प्रश्नाभोवती फिरत राहिली तो प्रश्न स्कॉट यांच्यापासून सुरू होतो. समोरच्या माणसाला काय हवंय आणि तो निर्णय कसा घेतो? हा प्रश्न कधी जाहिरातीत विचारला गेला, कधी दुकानात, कधी संख्याशास्त्राच्या समीकरणात. आणि एका टप्प्यावर तर संस्थेने तो स्वतःच्याच विद्यार्थ्यांना विचारला. दीपक जैन यांची कारकीर्द समजून घ्यायची तर हा धागा हातात असावा लागतो.

मधल्या ५० वर्षांत संस्था स्थिरावली. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या बिझनेस स्कूल्सची संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापक सदस्यांत नॉर्थवेस्टर्न होतं. फ्रेड क्लार्क यांचं ‘प्रिन्सिपल्स ऑफ मार्केटिंग’ १९२२ मध्ये आलं आणि या विषयाच्या पहिल्या पाठ्यपुस्तकांत त्याची गणना झाली. शहरात वीबोल्ट हॉलची इमारत उभी राहिली. हार्पर बॉइड आणि राल्फ वेस्टफॉल यांनी १९५० च्या दशकात बाजार-संशोधनाचं पुस्तक लिहिलं. कॉलेज भक्कम होतं, पण देशभर नाव घ्यावं असं अजून नव्हतं.

खरी उलथापालथ १९६० नंतरची. सिडनी लेव्ही १९६१ मध्ये आले. ब्रँड म्हणजे मालावरची नुसती चिठ्ठी नसून लोकांच्या मनातली प्रतिमा असते, हे त्यांनी बर्ली गार्डनर यांच्यासोबत १९५५ मध्येच मांडलं होतं. १९६२ मध्ये फिलिप कोटलर आले. त्यांचं उच्चशिक्षण अर्थशास्त्राचं, आधी शिकागो विद्यापीठात आणि मग एमआयटीत. ते व्यवस्थापकीय अर्थशास्त्रच शिकवतील अशी कोणाचीही अपेक्षा असती. पण तिथले वित्तशास्त्राचे एक तरुण प्राध्यापक डोनाल्ड जेकब्स यांनी त्यांना सुचवलं, की तुम्ही मार्केटिंग घ्या, तिथे नव्या विचाराला जागा आहे. कोटलर यांनी हा सल्ला मानला. १९६७ मध्ये ‘मार्केटिंग मॅनेजमेंट’ प्रसिद्ध झालं. पुण्या-मुंबईच्या कुठल्याही एमबीए झालेल्या माणसाच्या कपाटात हे जाडजूड पुस्तक सापडतं. जमनालाल बजाज असो की सिम्बायोसिस, या विषयाची सुरुवात त्याच्यापासूनच होते.

मात्र कोटलर यांचं मोठेपण मला त्या पाठ्यपुस्तकापेक्षा १९६९ मध्ये लेव्हींसोबत लिहिलेल्या एका छोट्या निबंधात दिसतं. मार्केटिंग हे साबण आणि मोटारी विकणाऱ्यांपुरतं नाही, असं त्यांनी म्हटलं. रुग्णालय, संग्रहालय, पोलीस खातं, शाळा यांनाही ज्यांच्यासाठी आपण आहोत ते लोक असतातच आणि त्यांचं म्हणणं या संस्थांनी ऐकायला हवं. यावर बरीच टीका झाली. विषय पसरवून त्याचा लगदा करू नका, असं काही जाणकारांनी बजावलं. दोन वर्षांनी कोटलर आणि जेरल्ड झाल्टमन यांनी समाजोपयोगी कामासाठी मार्केटिंग कसं वापरावं, याचा निबंध लिहिला. भारतात ते काम तेव्हा प्रत्यक्ष सुरूच झालं होतं. लाल त्रिकोणाच्या कुटुंबनियोजन मोहिमेत ‘निरोध’ कंडोमची तीन नगांची पाकिटं १५ पैशांना विकली जात होती आणि हिंदुस्तान लिव्हर, ब्रुक बाँड, लिप्टन यांसारख्या कंपन्यांच्या वितरणातून ती गावोगावच्या किराणा दुकानांत आणि पानपट्टीवर पोचत होती. एव्हन्स्टनमध्ये जे कागदावर मांडलं जात होतं, त्याचं एक मोठं उदाहरण आपल्याकडच्या वाण्याच्या फळीवर होतं.

याच सुमाराला विद्यापीठाने एक धाडसी निर्णय घेतला. बिझनेस स्कूलचा पदवी अभ्यासक्रम बंद केला आणि १९६९ पासून फक्त पदव्युत्तर शिक्षण देणारी संस्था म्हणून नवं नाव धारण केलं. पदवीचे विद्यार्थी म्हणजे संस्थेचं हुकमी उत्पन्न, ते सोडायला धीर लागतो. १९७५ मध्ये जेकब्स डीन झाले आणि २००१ पर्यंत, सलग २६ वर्षं, त्या खुर्चीवर राहिले.

जेकब्स शिकागोच्याच वेस्ट साइडचे. त्यांनी दोन गोष्टी एकाच वेळी केल्या आणि त्या दोन्ही निभावल्या. एकीकडे त्यांच्या काळात शुद्ध सिद्धांताची माणसं इथे जमली : रॉजर मायरसन, बेंट होल्मस्ट्रॉम, पॉल मिलग्रॉम ही मंडळी तरुणपणी इथे शिकवत होती आणि तिघांनाही पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. दुसरीकडे १९७९ मध्ये त्यांनी सरोवराकाठी जेम्स ॲलन सेंटर उघडलं. तिथे कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी येऊन राहायचे आणि शिकायचे. त्यामुळे प्राध्यापकांना आपला सिद्धांत अशा माणसांपुढे मांडावा लागायचा, ज्यांनी आदल्याच आठवड्यात खऱ्याखुऱ्या कारखान्यात निर्णय घेतलेला असायचा. त्याच वर्षी जॉन आणि हेलन केलॉग यांच्या प्रतिष्ठानाने एक कोटी डॉलर दिले आणि संस्थेला केलॉग हे नाव मिळालं. जॉन हे कॉर्नफ्लेक्सवाल्या केलॉग यांचे चिरंजीव.

पण जेकब्स यांची मोठी कामगिरी विद्यार्थ्यांच्या बाबतीतली आहे. प्रवेश मागणाऱ्या प्रत्येकाची मुलाखत घ्यायची, नुसत्या गुणांवर निवड करायची नाही, हा प्रघात त्यांनी पाडला. गटाने काम करणं हा इथल्या शिक्षणाचा पाया झाला. संस्था चालवण्याच्या कामात विद्यार्थ्यांना ओढून घेतलं, त्यांच्या तक्रारी डीनपर्यंत सरळ पोचू लागल्या. जेकब्स स्वतः वित्तशास्त्राचे, पण मार्केटिंगवाल्यांचं म्हणणं त्यांनी संस्थेच्या कारभारात उतरवलं. १९८८ मध्ये ‘बिझनेसवीक’ने पदवीधरांना आणि त्यांना नोकरी देणाऱ्या कंपन्यांना विचारून पहिल्यांदा बिझनेस स्कूल्सची क्रमवारी लावली, तेव्हा केलॉग पहिल्या क्रमांकावर आलं. हार्वर्ड, स्टॅनफर्ड, व्हॉर्टन मागे पडले. अनेकांना धक्का बसला. पण क्रमवारी लावताना विद्यार्थ्याला विचारायचं ठरलं, की विद्यार्थ्याचं आधीपासून ऐकणारी संस्था पुढे येणारच.

इथे जरा वाट वाकडी करून एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिचा एक पाय पुण्यात आहे. केलॉगचे प्राध्यापक आंद्रिस झोल्टनर्स आणि प्रभाकांत सिन्हा हे विक्री प्रतिनिधींना प्रदेश कसे वाटून द्यावेत, याचं गणित सोडवत होते. कोणाच्या वाट्याला किती डॉक्टर, किती प्रवास, किती धंदा, हे आकड्यांवर बसवण्याचं ते काम. १९८३ मध्ये त्यांनी त्यातून एव्हन्स्टनला झेडएस असोसिएट्स ही सल्लागार कंपनी काढली. आज पुण्यात तिचं मोठं कार्यालय आहे आणि महाराष्ट्रातली कितीतरी इंजिनिअर व संख्याशास्त्राची मुलं तिथे काम करतात.

आता दीपक जैन. त्यांचा जन्म १९५७ चा, आसाममध्ये ब्रह्मपुत्रेच्या उत्तर तीरावरच्या तेजपूरचा. तिथल्याच दरंग कॉलेजातून त्यांनी संख्याशास्त्रात पदवी घेतली, १९७८ मध्ये गुवाहाटी विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण पुरं केलं आणि काही काळ तिथेच शिकवलं. व्यापाराशी किंवा व्यवस्थापनाशी त्यांच्या शिक्षणाचा तोवर काही संबंध नव्हता. दिल्ली-मुंबईच्या नामांकित संस्थांचा शिक्काही त्यांच्याजवळ नव्हता. ईशान्येतल्या एका गावातून निघालेला हा मुलगा डॉक्टरेटसाठी टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेत पोचला आणि तिथे त्याला फ्रँक बास हे गुरू लाभले.

बास यांचं काम समजल्याशिवाय जैन यांचं काम कळायचं नाही. बाजारात एखादी नवी वस्तू आली, की काही थोडे लोक ती आपणहून घेतात. बाकीचे शेजाऱ्याकडे, नातेवाइकाकडे ती पाहून घेतात. घेणारे वाढतात तसतसं पाहून घेणाऱ्यांचं प्रमाण वाढतं, विक्री चढत जाते, आणि न घेतलेले लोक कमी उरले की उतरते. बास यांनी १९६९ मध्ये हे सगळं एका समीकरणात बसवलं, ११ टिकाऊ वस्तूंच्या विक्रीवर ते पडताळून पाहिलं आणि रंगीत टीव्हीची विक्री कळसाला कधी पोचेल, याचा अंदाजही केला. स्कॉट यांनी एका माणसाच्या मनाचा विचार केला होता. बास यांनी एक माणूस दुसऱ्याला कसा ओढतो, याचा हिशेब मांडला.

या समीकरणात एक कोडं होतं. त्यात किंमत कुठेच नव्हती आणि जाहिरातही नव्हती. कंपन्या तर सगळा जोर त्या दोहोंवर लावतात. मग त्यांना वगळूनही हे गणित इतकं अचूक कसं बसतं? या प्रश्नाचं उत्तर बास, त्रिची कृष्णन आणि दीपक जैन यांनी १९९४ मध्ये ‘मार्केटिंग सायन्स’ या नियतकालिकात दिलं. किंमत आणि जाहिरात यांना समीकरणात जागा दिली आणि दाखवलं, की किंमत जर ठरावीक टक्क्यांनी संथपणे उतरत असेल, जशी ती बहुतेक वस्तूंची उतरते, तर वक्राचा आकार जुन्याच समीकरणासारखा राहतो. म्हणून जुनं गणित बसत होतं. पण किमतीत मध्येच मोठी उलथापालथ झाली तर ते चुकेल आणि नवं समीकरण लागेल. जुनं न मोडता, ते का खरं ठरलं हे सांगून त्याच्या मर्यादा दाखवणारा हा निबंध आहे. शिष्याने गुरूच्या कामाला दिलेली ही उत्तम जोड आहे, असं मला मनापासून वाटतं.

त्याआधी, १९९१ मध्ये, जैन यांनी विजय महाजन आणि एतान म्यूलर यांच्याबरोबर आणखी एक निबंध लिहिला होता. भारतीय वाचकाने तो मुद्दाम लक्षात ठेवावा. लोकांना वस्तू हवी आहे, पण पुरवठाच नाही, तेव्हा काय होतं? विक्रीचे आकडे कमी दिसतात, पण मागणी कमी नसते. माणसं रांगेत असतात. या रांगेतल्या माणसांना मोजण्याची रीत त्यांनी दिली आणि उदाहरण घेतलं इस्रायलमधल्या टेलिफोनचं. फोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षं थांबणं किंवा आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी आगाऊ पैसे भरून नंबराची वाट पाहणं ज्यांनी अनुभवलं, त्यांना हा विषय निराळा समजावून सांगायला नको. समृद्ध देशातल्या अभ्यासकाला जी स्थिती अपवाद वाटली असती, ती जगातल्या मोठ्या भागात रोजची होती, आणि शास्त्राने तिची दखल घेणं आवश्यक होतं.

जैन १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात केलॉगमध्ये रुजू झाले. नौफेल विलकासिम आणि प्रदीप चिंतागुंटा यांच्यासोबत त्यांनी दुकानांतल्या खरेदीच्या नोंदींवर काम केलं. एकाच किमतीला दोन घरं वेगवेगळा ब्रँड का उचलतात, घराघरांतली ही न दिसणारी तफावत आकड्यांत कशी पकडायची, हा त्यामागचा प्रश्न. एकीकडे हे संशोधन, दुसरीकडे वर्गातलं शिकवणं. १९८९ पासून ते बँकॉकच्या चुलालाँगकॉर्न विद्यापीठातल्या सासिन या संस्थेतही नियमित शिकवायला जात राहिले. ही संस्था १९८२ मध्ये केलॉग आणि व्हॉर्टन यांच्या मदतीने उभी राहिली होती. १९९६ मध्ये जेकब्स यांनी त्यांना शैक्षणिक कारभाराचे सहडीन केलं.

१९९६ ते २००१ ही पाच वर्षं भारताच्या दृष्टीनेही महत्त्वाची ठरली. हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसची जुळवाजुळव त्याच काळात केलॉग आणि व्हॉर्टन यांच्या सहकार्याने चालली होती. जागेसाठी महाराष्ट्राचाही विचार झाला होता; अखेर आंध्र प्रदेशाने बाजी मारली. २ डिसेंबर २००१ रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते गच्चीबावलीतल्या परिसराचं उद्घाटन झालं. जैन यांचे सहलेखक विजय महाजन तिथे काही काळ डीन होते आणि पुढे मराठी माणूस, अजित रांगणेकर, त्या पदावर आले. मुंबईच्या परिसरातून निसटलेल्या या संस्थेची खंत मला अजून आहे.

२००१ मध्ये जेकब्स निवृत्त झाले आणि दीपक जैन डीन झाले. वेळ कठीण होती. इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला होता, त्यात सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कवर हल्ला झाला. एमबीए होऊन बाहेर पडणाऱ्यांना ज्या सल्लागार कंपन्या आणि बँका हात पसरून घेत, त्यांनी भरती आखडती घेतली. शिवाय २६ वर्षं ज्या माणसाने संस्था घडवली, त्याच्या जागी बसणं सोपं नसतं. जैन यांनी जेकब्स यांची घडी मोडली नाही. विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि कंपन्या यांच्याशी स्वतः संपर्क ठेवण्याची रीत त्यांनी पुढे नेली आणि परदेशी संस्थांबरोबरचे अभ्यासक्रम वाढवले. हाँगकाँग, इस्रायल, जर्मनी, कॅनडा इथे केलॉगच्या भागीदारीत वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी एमबीए चालू होतं. २००६ मध्ये लॅटिन अमेरिकेच्या उंबरठ्यावर, मायामीत, नवं केंद्र निघालं. २००२ आणि २००४ या दोन्ही वर्षी ‘बिझनेसवीक’च्या क्रमवारीत केलॉग पुन्हा पहिलं आलं. २००६ मध्ये ती जागा शहरातल्याच शिकागो विद्यापीठाने घेतली.

या धामधुमीत लेखन थांबलं नाही. २००२ मध्ये कोटलर आणि थायलंडचे सुवित मेसिंसी यांच्याबरोबर त्यांचं ‘मार्केटिंग मूव्ह्ज’ हे पुस्तक आलं. इंटरनेटमुळे ग्राहक आणि कंपनी यांच्यातलं नातं कसं पालटतं, हा त्याचा विषय. सुवित पुढे थायलंडच्या मंत्रिमंडळात गेले. त्याच वर्षी जैन यांनी सिद्धार्थ सिंग यांच्यासोबत ग्राहकाच्या आयुष्यभराच्या मूल्याबद्दलच्या संशोधनाचा आढावा लिहिला. एका विक्रीत काय मिळालं, यापेक्षा तो माणूस किती वर्षं आपल्याकडे येत राहील, ते पाहा, असं ते शास्त्र सांगतं. डीनचं पद सांभाळताना त्यांनी हाच विषय निवडला, हे मला योगायोगाचं वाटत नाही. माजी विद्यार्थ्यांशी नातं राखणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाला त्याचं मोल रोज कळत होतं. २००५ पासून ते मुंबईत रिलायन्स इंडस्ट्रीजच्या संचालक मंडळावरही होते.

२००८ मध्ये संस्थेची शंभरी भरली. त्याच वर्षी जागतिक आर्थिक संकट कोसळलं. २००९ मध्ये जैन डीनपदावरून उतरले. सुनील चोप्रा यांनी काही काळ धुरा वाहिली, मग २०१० मध्ये सॅली ब्लाउंट आल्या.

जैन २०११ मध्ये इन्सियादचे डीन झाले. फाँतेनब्लो आणि सिंगापूर इथे परिसर असलेली ही संस्था, तिची स्थापना १९५७ ची. प्रकृतीच्या कारणाने २०१३ मध्ये त्यांनी ते पद सोडलं. मग ते बँकॉकला सासिनचे प्रमुख झाले, जिथे ते २५ वर्षं शिकवत आले होते, आणि तिथून शांघायला चायना युरोप इंटरनॅशनल बिझनेस स्कूलच्या अध्यक्षपदावर गेले. एकाच अभ्यासकाने अमेरिका, युरोप, आग्नेय आशिया आणि चीन, अशा चारही ठिकाणच्या अग्रगण्य बिझनेस स्कूल्सचं नेतृत्व केल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. तेजपूरच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांनी शिकवलेल्या संख्याशास्त्राला याचं श्रेय द्यायला हवं. आपल्या लहान गावांतल्या कॉलेजांबद्दल आपण फार लवकर निराश होतो.

एव्हन्स्टनमध्ये २०१७ साली सरोवराच्या काठी केलॉगची नवी इमारत उघडली. डोनाल्ड जेकब्स त्याच वर्षी गेले. २०१९ मध्ये फ्रान्सेस्का कॉर्नेली डीन झाल्या, जेकब्स यांच्यासारख्याच वित्तशास्त्राच्या. जैन यांचे जुने सहलेखक, नॉर्थवेस्टर्नमध्येच डॉक्टरेट झालेले प्रदीप चिंतागुंटा हे आज मार्केटिंगमधले मोठे अभ्यासक मानले जातात. जैन यांच्याबरोबर १९९१ मध्ये लिहिलेला त्यांचा निबंध अजूनही संशोधक वाचतात. केलॉगपासून २५-३० किलोमीटरवर, शिकागो विद्यापीठात, ते मार्केटिंग शिकवतात.